माईक उपाशी, कर्णा तुपाशी

कर्णेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं, पण खरं आडनाव पोस्टमनच्याही ध्यानात राहत नसे. शाळेचं संमेलन असो, पुढाऱ्याची सभा असो की कुणाच्या घरचं कार्य, लाउडस्पीकर यांचाच. स्वतः शिडी लावून खांबावर चढायचं, कर्ण्याचं तोंड हव्या त्या दिशेला करून तो तारेने आवळायचा, खाली उतरून माईकवर दोन बोटांनी टकटक करायचं आणि ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं. उभी हयात त्यातच गेली. आपण जन्मात एकही भाषण केलं नाही, पण या भागातल्या प्रत्येक भाषणाचे पहिले दोन शब्द आपलेच, असं ते हसून सांगत.

त्यांच्या धंद्याचा एकच मंत्र होता: माईक उपाशी, कर्णा तुपाशी. माईकचं बटण जेमतेम उघडायचं आणि आवाज काय वाढवायचा तो पुढे, कर्ण्याकडे जाताना वाढवायचा. माईकला जास्त पाजलं तर तो कर्ण्यातून निघालेला आपलाच आवाज पुन्हा गिळतो, आणि मग जी किंचाळी फुटते ती ऐकणाऱ्याच्या दाढांपर्यंत जाते. ऐन उमेदीत एका शाळेच्या समारंभात हे घडलं होतं. पाहुण्यांनी ‘माझ्या बालमित्रांनो’ म्हणायला आणि कर्ण्याने शिट्टी मारायला एकच गाठ पडली. पुढच्या रांगेतली लहान पोरं कान धरून रडायला लागली. मुख्याध्यापक त्याच माईकवरून म्हणाले, “आम्ही आवाज भाड्याने मागवला होता, डुक्कर नव्हे.” सगळं मैदान खो खो हसलं. तेव्हापासून कर्णेवाल्यांचा हात कुठल्याही यंत्राजवळ गेला की उगमाकडचं बटण आपसूक मागे फिरवी. त्या दिवशी रडणाऱ्या पोरांना गप्प करणारी बालवाडीची तरुण शिक्षिका पुढे त्यांच्याच घरात आली, एवढा एक फायदा त्या शिट्टीने करून दिला.

तिला सगळं जग बाई म्हणे, म्हणून कर्णेवालेही बाईच म्हणत. बाई त्यांना ‘अहो’ म्हणत, पण त्या ‘अहो’त छडी लपलेली असे.

बाईंचा उजवा कान लहानपणी गालगुंडं झाली तेव्हाच गेला होता. डावा मात्र तिखट, अगदी मुंगीचं पाऊल ऐकणारा. कर्णेवाल्यांचं उलटं. कर्ण्यांच्या पायाशी आयुष्य काढल्यामुळे त्यांच्या दोन्ही कानांना बारीक आवाज म्हणून उरला नव्हता. मोटारीचा भोंगा, दार आपटणं, समोरून किंवा फोनवर कुणी मोकळ्या आवाजात बोललेलं, एवढं पोचे. नळ ठिबकणं, किल्ली फिरणं, कुणाचा सुस्कारा हे सगळं त्यांच्या जगातून कधी गेलं ते त्यांनाही कळलं नाही. चार कानांच्या संसारात धड कान एकच, आणि दोघांचं त्यावर भागत होतं. “दाराची बेल वाजली,” बाई सांगत, आणि हे दार उघडायला उठत.

मग बाईंना चक्कर यायला लागली. डाव्या कानात घूं घूं सुरू झालं, ऐकू कमी येऊ लागलं, कानाला यंत्र लागलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी डोक्याच्या आतला फोटो काढून घेतला आणि समोर बसवून सांगितलं की कानाच्या नसेवर गाठ आहे. ती मेंदूकडे सरकते आहे. काढलीच पाहिजे, आणि गाठीबरोबर नस जाणार. कर्णेवाल्यांनी विचारलं की कान वाचेल असा काही उपाय नाही का. डॉक्टरीणबाई कागदावर रेघ ओढत म्हणाल्या की प्रश्न कान वाचवायचा नाहीच, बाईंना वाचवायचा आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरली.

घरी येऊन खुर्चीत टेकल्यावर बाईंनी यंत्र नीट बसवलं आणि म्हणाल्या, “कान गेला की आत काहीतरी वाजत राहतं म्हणतात. काहींना भोंगा वाजतो, काहींना यंत्राची घरघर. शेवटी जे ऐकलं असेल तेच राहत असेल, तर ताईचं राहू दे.”

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच त्यांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं. लग्न होऊन ती फार लांब गेली आणि पत्रं लिहायचा तिला कंटाळा, म्हणून कॅसेट भरून पाठवायची. अशा कितीतरी बोलत्या कॅसेटी आल्या. ताई जाऊनही आता बरीच वर्षं लोटली होती. तिच्या शेवटच्या कॅसेटमध्ये एक गंमत होती. निरोप घेऊन झाल्यावर ताई यंत्र बंद करायला विसरली होती. खुर्ची मागे सरकते, ती उठून लांब जाते, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाशी, पाठमोरी, स्वतःशीच म्हणते, “ठकी झोपली असेल आता.” ठकी म्हणजे बाई. लाकडी बाहुलीवरून ताईने ठेवलेलं नाव. तेव्हा बाई दोन मुलांची आई होत्या, पण ताईच्या हिशेबात ठकी अजून झोपायचीच होती. लेकीची मुलं मोठी होईपर्यंत बाई ती कॅसेट लावून तेवढं वाक्य ऐकत. मग फीत बुरशीने खाल्ली. सुदैवाने ताईच्या मुलाने, म्हणजे बाईंच्या भाच्याने, बाईंनी कधीकाळी करून दिलेली प्रत आधीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. ती त्याने फोनवर पाठवली.

फोन कानाला लावला की बाईंचं यंत्र शिट्टी मारी. हेडफोन दाबून बसवला तरी तेच. फोन नुसता समोर ठेवून ऐकलं तर ताई डब्यात कोंडल्यासारखी बोले. “तुमचे ते दोन उंट कशाला आहेत मग,” बाई म्हणाल्या.

उंट म्हणजे पुढच्या खोलीतले दोन उंच स्पीकर. धंदा बंद करताना कर्णेवाल्यांनी सगळं विकलं, पण चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्वतः फळ्या कापून बनवलेले हे दोन स्पीकर ठेवून घेतले होते. फोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये तार नको म्हणून लेकीने मागेच एक डबी आणून दिली होती. काड्यापेटीएवढी. फोनमधून हवेतून आलेला आवाज ती पकडून अ‍ॅम्प्लिफायरला देते आणि जोडणी झाली की तिच्यावर निळा दिवा लागतो.

पहिल्या दिवशी कर्णेवाल्यांनी सवयीने फोनचा आवाज अगदी तळाशी, दोनच रेघांवर ठेवला, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण पार उजवीकडे फिरवलं आणि सुरू केलं. ताईचा आवाज खोलीभर झाला. बाईंचा चेहरा उजळला. मग निरोप झाला, खुर्ची सरकली, आणि पुढे काही नाही.

“वाळू ओतल्यासारखं येतंय,” बाई म्हणाल्या. “नुसती वाळू. ताई त्याच्याखाली आहे.”

कर्णेवाल्यांना ना वाळू ऐकू येत होती ना ताई. आंधळ्याने रंग लावायचा आणि शेजारच्याने ‘अजून थोडा निळा’ म्हणायचं, तसं ते काम होतं. पण आयुष्यात त्यांना एकच विद्या येत होती, आणि ती ज्या एका माणसासाठी लागावी त्या माणसाला आज लागली होती. ते कामाला लागले.

प्रथम भाच्याला फोन केला. तो म्हणाला की मेसेजमधून पाठवलेली फाईल वाटेत चेपली जाते, मूळ मोठी फाईल वेगळी पाठवतो. ती आली. ताईच्या बोलण्याला धार आली, शेवटची वाळू तशीच. मग त्यांनी डबी लोखंडी कपाटामागून काढून उघड्यावर ठेवली. इंटरनेटचं यंत्र तिच्या शेजारीच होतं आणि दोघं एकाच हवेत बोलतात, म्हणून ते पलीकडच्या खोलीत हलवलं. मधूनमधून आवाज तुटायचा तो थांबला, वाळू तशीच. फोनच्या आत शिरून, कुणालाही सापडू नये अशा ठिकाणी लपवलेला पर्याय शोधला. फोन आणि डबी आपसात कोणत्या भाषेत बोलतात ते तिथे ठरतं. हलकी भाषा ठेवली तर अर्धा आवाज वाटेत गाळला जातो. त्यांनी भारीतली निवडली. फोन आपणहून आवाज ‘सुधारतो’ तेही बंद केलं. प्रत्येक वेळी बाईंना विचारायचं आणि प्रत्येक वेळी बाई मान हलवायच्या.

दुकानदाराकडे जाऊन त्यांनी दुसरी, वायफायवर चालणारी महागडी डबी आणली. दुकानदाराने विचारलं की काय ऐकता, शास्त्रीय की सिनेमातलं. कर्णेवाले म्हणाले, “मेहुणी.” तो बिचारा पुढे काही विचारेना. त्या डबीने ताईचा आवाज इतका जवळ आला की बाई एकदा दाराकडे वळून पाहायला लागल्या, पण शेवट काही येईना. अखेर हवा नकोच म्हणून त्यांनी फोनला जोडणीची एक छोटी शेपटी लावून सरळ तारेने जोडून पाहिलं. बाई म्हणाल्या की वाळू तेवढीच आहे.

तारेनेही तेच, याचा अर्थ कर्णेवाल्यांनी असा लावला की दोष आता बाईंच्या कानातच आहे. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण ते अ‍ॅम्प्लिफायरसमोर जमिनीवर बसून राहिले, आणि त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. कान शस्त्रक्रियेची वाट पाहत नव्हता. तो रोज थोडा थोडा चालला होता. काल बाईंनी बेल ऐकली नाही, शेजारीण दारात ताटकळली. आपण वर बटणं फिरवत बसायचं आणि खाली पाणी आटत जायचं. वाक्य बाहेर काढेपर्यंत ऐकणारंच उरलं नाही तर?

त्या दिवसापासून त्यांचं जेवणाकडे लक्ष लागेना. दाढी वाढली. बाई दमून डोळे मिटत आणि हे म्हणत, “बाई, आणखी एकदाच.” बाई पुन्हा डोळे उघडत.

इस्पितळात दाखल व्हायच्या आदल्या दुपारी त्यांनी तार काढून लेकीने दिलेली डबीच परत लावली आणि स्पीकर खुर्चीच्या डाव्या अंगाला ओढले, बाईंच्या हाताशी. सुरू केलं. ताईचा निरोप झाला. बाई ऐकत राहिल्या, मग त्यांनी हसून मान डोलावली.

“आलं,” त्या म्हणाल्या. “ठकी झोपली असेल आता. अगदी स्वच्छ आलं. झालं ना? आता उठा, दाढी करा.”

कर्णेवाल्यांचं लक्ष डबीकडे गेलं. निळा दिवा विझलेला होता. ताईचा निरोप झाल्या झाल्या कुठेतरी जोडणी तुटली होती आणि स्पीकरमधून काहीच, अगदी काहीच येत नव्हतं.

त्यांनी फक्त बोटाने डबी दाखवली. बाईंनी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग हळूहळू उतरलं.

“मला फसवतेस?” कर्णेवाले म्हणाले. “मी पोर आहे का तुझ्या वर्गातलं?”

“मग काय करू?” बाई म्हणाल्या. “तुमचा चेहरा पाहवत नाही मला. ताईचं वाक्य राहिलं तर राहिलं. पण उद्या भूल देताना तुमचा हा चेहरा डोळ्यांपुढे असला तर तोच राहील.”

“माझ्या हाताने होत नाही गं. सगळं करून पाहिलं.”

“काय करून पाहिलं?” आता बाईंचा तो छडीचा आवाज निघाला. त्यांनी डबीशेजारचा फोन उचलला आणि पडद्यावरच्या दोन रेघांवर बोट आपटलं. “हे बघा. माझी बहीण मुळात हळू बोलतेय, खोलीच्या त्या टोकाला. तिला तुम्ही इथे आणखी दाबून कुजबुजायला लावता आणि तिकडे कर्णा लावून ओरडता की ऐकू का येत नाही. वर्गात मी पोराच्या तोंडावर हात ठेवून त्याला कविता म्हण म्हटलं असतं तर? माईक उपाशी, कर्णा तुपाशी! जन्मभर ऐकलं मी ते. उपाशी कोण राहिलं? ताई.”

एवढं बोलून त्यांना घेरी आली. कर्णेवाल्यांनी त्यांना धरून पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. रागाने बोललेलं ते. बाईंना यंत्रातलं काय कळतं, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. पण काही शब्द कुसळासारखे असतात, झटकून जात नाहीत. त्यांनी भाच्याला फोन लावला आणि जरा आडवळणानेच विचारलं की फोनचा आवाज कमी ठेवल्याने काही बिघडतं का.

तो चाचरत म्हणाला की हो काका, तेच तर सगळ्यात आधी बघायचं. जुन्या यंत्रात बटण मागे फिरवलं की आवाज नुसता बारीक व्हायचा, बारीक असूनही पुरा असायचा. फोन मात्र आवाज आकड्यांनी मोजतो, आणि तो कमी करायचा म्हणजे आकडे लहान करत जातो. मोठ्या आवाजाचं त्याने काही अडत नाही, पण मुळातच जो तळाशी आहे तो शून्यात जातो. मग पुढे अ‍ॅम्प्लिफायर त्या शून्यालाच मोठं करत बसतो. तीच वाळू. फोन पुरा उघडायचा आणि आवाज कमी-जास्त करायचा तो अ‍ॅम्प्लिफायरवर.

“पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस?” कर्णेवाल्यांनी विचारलं.

“तुम्हाला?” भाचा म्हणाला. “काका, आवाजातलं तुम्हाला मी काय सांगायचं?”

संध्याकाळभर बाई डोळे मिटून पडून होत्या. हाक मारली तरी उत्तर येत नव्हतं. यंत्र त्यांनी काढून ठेवलं होतं, दमल्या की त्या तसंच करत. त्यांना उठवायचा धीर कर्णेवाल्यांना झाला नाही. त्यांनी एकट्यानेच सगळं नव्या रीतीने लावलं, पण तपासणार कसं? त्यांच्या कानांना दोन्ही रीती सारख्याच. शिवाय मनात दुसरंच भय होतं. उगमाकडचं बटण पुरं उघडायचं म्हणजे त्यांना हात विस्तवात घालण्यासारखं वाटे. माईक नाही, शिट्टी कुठून येणार, हे डोक्याला कळत होतं, बोटांना कळत नव्हतं. आणि आलीच, ती डुकराची किंचाळी बाईंच्या एकुलत्या कानात शिरलीच, तर? शेवटचं ऐकलेलं आयुष्यभर राहतं, असं त्याच म्हणाल्या होत्या.

सकाळी लेक आली. खाली टॅक्सी उभी करून ती पिशव्या न्यायला वर आली होती. बाई कपडे करून, यंत्र घालून खुर्चीत तयार बसल्या होत्या. कर्णेवाले त्यांच्यापुढे उकिडवे बसले.

“बाई, एकदाच. पण खोटं नाही बोलायचं. नाही आलं तर नाही म्हण.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दाढी केली होती आणि हनुवटीवर कापलं होतं. “बरं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण पार डावीकडे नेलं. मग फोन हातात घेतला आणि अंगठ्याने रेघा वाढवत गेले. एकेक रेघ चढताना त्यांचे खांदे आपोआप कानांकडे जात होते. शेवटची रेघ भरली तशी फोनने इशारा दिला की एवढा आवाज कानांना धोक्याचा आहे. त्यांना हसू येण्याच्या आधी डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ‘ठीक आहे’ दाबलं, सुरू केलं आणि अ‍ॅम्प्लिफायरचं बटण केसाकेसाने उजवीकडे फिरवत नेलं.

किंचाळी नाही आली. ताई बोलली, तिने खुशाली विचारली, निरोप घेतला. खुर्ची सरकली. तिथून पुढे कर्णेवाल्यांचं जग रोजच्यासारखं बंद झालं. ते डबीच्या निळ्या दिव्याकडे पाहत राहिले, तो जळत होता. मग बाईंकडे पाहिलं. बाई किंचित डावीकडे वळल्या होत्या. हसल्या नाहीत. मान डोलावली नाही. त्यांचा चेहरा अगदी कोरा झाला होता, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावरून कर्णेवाल्यांना काहीच वाचता येईना. फाईल संपली.

“नाही ना?” ते पुटपुटले. “नाहीच आलं.”

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी शेवट पुन्हा लावला. बाई पुढे झुकल्या. संपल्यावर म्हणाल्या, “पुन्हा.”

काल त्या एकदाच ऐकून म्हणाल्या होत्या, झालं ना, उठा. हो की नाही हे कर्णेवाल्यांनी विचारलं नाही. विचारण्यात वेळ गेला असता, आणि वेळ टॅक्सीचा नव्हता, कानाचा होता. ते फक्त लावत राहिले.

लेक उशीर झाल्याचं सांगायला दारात आली. तिने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग हातातल्या दोन्ही पिशव्या तिने आवाज होऊ न देता खाली ठेवल्या आणि उंबऱ्यावरच बसली. तिचे कान तरुण होते. कर्णेवाल्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिच्या तोंडावर काय आहे ते त्यांना बघायचं नव्हतं. आज ऐकायचा हक्क एकट्या बाईंचा होता.

खाली टॅक्सीवाल्याने भोंगा दाबून धरला. तो मात्र कर्णेवाल्यांना स्वच्छ ऐकू आला. बाईंनी नुसतं बोट वर केलं, आणि त्यांनी पुन्हा सुरू केलं.